अल्प कारण आणि महत् फळ

कारण जेवढे तेवढेच कार्य, अशी सर्वसामान्य मनुष्याची समजूत असते. अधिक धान्य हवे तर अधिक जमीन कसावी लागते. दहा कोस जावयाचे तर दहा कोस चालावे लागते. व्यवहाराचा बराचसा भाग याच हिशेबाने चालतो, म्हणून ही समजूत दृढ होते. परंतु त्याच व्यवहारात दुसराही एक अनुभव पदोपदी येतो. शेरभर कोमट दुधात चमचाभर विरजण पडते आणि सकाळी सर्व दुधाचे दही झालेले असते. त्याच दुधात तापत असता लिंबाचे चार थेंब पडले तर सर्व दूध नासते. विरजण केवढे आणि दही केवढे, थेंब किती आणि नाश किती, हे प्रमाण कोणत्याही त्रैराशिकात बसत नाही.

या अनुभवाची एक बाजू व्यवहाराची आहे व दुसरी धर्माची. व्यवहारात याचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. लहानसा बदल करा, म्हणजे जीवन पालटेल, धंदा वाढेल, असे ते सांगतात. धर्मात मात्र प्रश्न अधिक अवघड होतो. अल्प कृतीतून महान अनर्थ उद्भवला, तर कर्त्याचा दोष अल्प मानावा की महान? आणि अल्प कृतीतून पुष्कळांचे कल्याण झाले, तर त्याचे श्रेय कर्त्याने किती घ्यावे? या दोन्ही बाजूंचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

चिकलठाण्याची घटना

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील विमानतळ चिकलठाणा येथे आहे. दिनांक २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी या विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग विमान मुंबईस जाण्यासाठी निघाले. विमानात प्रवासी व कर्मचारी मिळून ११८ माणसे होती. दिवस उन्हाळ्याचे होते. धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा विमानाने भूमी सोडली. धावपट्टीच्या पलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डाव्या बाजूचे चाक व इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडखळून विमान खाली कोसळले. त्यात ५५ जणांचा अंत झाला, ६३ जण वाचले.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. विमानाचा पुढील भाग उचलण्याची क्रिया वैमानिकांनी उशिरा सुरू केली व ती योग्य रीतीने केली नाही, हे पहिले कारण. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक थांबविण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केलेली नव्हती, हे दुसरे.

ही दोन्ही कारणे मापाने किती लहान आहेत ते पाहावे. एक कारण काही क्षणांच्या विलंबाचे आहे. दुसरे कारण रस्त्यावर फाटक नसणे, फाटकापाशी माणूस नसणे, एवढेच आहे. या दोहोंतून जे उद्भवले त्याचे माप मात्र कोणत्याही तराजूत घालता येणार नाही.

पहिला पूर्वपक्ष: फळावरून कर्माचे माप

यावर कोणी म्हणेल, फळ महान झाले त्या अर्थी कर्मही महानच होते. ते अल्प दिसले हा केवळ दृष्टिदोष होय. वृक्षावरून बीज ओळखावे, तसे परिणामावरून कर्म ओळखावे.

हे म्हणणे प्रथमदर्शनी न्याय्य वाटते, पण ते टिकत नाही. बीड रस्त्यावरील वाहतूक अडविण्याची व्यवस्था त्या एकाच दिवशी नव्हती असे नाही. आदल्या दिवशीही ती नव्हती. आदल्या दिवशी विमान गेले, रस्त्यावरून वाहने गेली, आणि सायंकाळी सर्व आपापल्या घरी पोहोचले. व्यवस्थेची उणीव दोन्ही दिवशी एकच होती. फळावरून कर्माचे माप घेतले तर आदल्या दिवसाची उणीव निर्दोष ठरते व दुसऱ्या दिवसाची महादोषयुक्त ठरते. एकच उणीव कालपर्यंत निर्दोष आणि आज सदोष असे म्हणणे विचारास धरून नाही.

यावरून असे दिसते की, दोष उणिवेत होता आणि तो दररोज तेवढाच होता. फळ ज्या दिवशी आले त्या दिवशी तो केवळ प्रकट झाला. हा निर्णय ऐकावयास सौम्य वाटतो, परंतु तो फार कठोर आहे. ज्यांच्या हातून काहीच अनर्थ घडलेला नाही अशा सर्वांना तो लागू पडतो. झाकण न घातलेली विहीर, विजेची उघडी तार, ब्रेक नीट न लागणारी बैलगाडी किंवा मोटार हे सर्व आपल्या अंगणात ठेवून जो म्हणतो की अद्याप काही झाले नाही, त्याचा दोष अपघात झालेल्या मनुष्याच्या दोषाहून कमी नाही. त्याला फळ मिळाले नाही एवढेच.

मग ज्याच्या कृतीचे फळ प्रकट झाले त्याच्यात व इतरांत काहीच भेद नाही काय? भेद आहे, परंतु तो दोषाच्या मापाचा नसून कर्तव्याचा आहे. ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे घर बुडाले त्याला त्या घराचे ऋण लागते. त्याने पश्चात्ताप करावा, दुःखिताच्या उपयोगी पडावे, चूक लपवू नये, आणि ती पुन्हा घडणार नाही अशी व्यवस्था करावी. ज्याची चूक फळास आली नाही त्याच्यावर हे ऋण नाही. त्याने वेळीच सावध व्हावे, एवढे मात्र त्याच्याकडे राहते.

दुसरा पूर्वपक्ष: अल्प ते नगण्य

दुसरा पक्ष याच्या उलट आहे. तो म्हणतो, जगात अल्प कृती असंख्य होतात व त्यांतील बहुतेक निष्फळ जातात. तेव्हा त्यांचा विचार करीत बसणे हे मनाला शिणविणे होय. मोठी कृत्ये सांभाळावी, लहान सोडून द्यावी.

याचे उत्तर नारू रोगाच्या इतिहासात मिळते. एके काळी महाराष्ट्रासह भारतातील अनेक राज्यांच्या ग्रामीण भागांत हा रोग होता. १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रुग्णांची नोंद झाली होती. रोगी मनुष्य पायविहिरीत उतरून पाणी भरी. त्याच्या पायावरील फोडातून नारूच्या अळ्या पाण्यात पडत. पाण्यातील अतिसूक्ष्म कीटक त्या अळ्या गिळत. ते पाणी जो पिई त्याच्या शरीरात अळी वाढे आणि सुमारे वर्षभराने हातभर, क्वचित त्याहूनही लांब कृमी त्वचेतून बाहेर पडू लागे. ऐन पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळून राही. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती. आजही नाही.

आणि तरीही हा रोग गेला. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पाणी दाट विणीच्या वस्त्राने गाळून प्यावे, हा तिच्यातील घराघरात करावयाचा उपाय होता. त्यासोबत पायविहिरी बंद करून त्यांच्या जागी आडासारख्या, वरून पाणी शेंदण्याच्या विहिरी करण्यात आल्या, हातपंप बसविण्यात आले, घरोघर जाऊन रुग्ण शोधण्यात आले व त्यांना पाणवठ्यात पाय घालू न देण्याची दक्षता घेण्यात आली. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

पाणी गाळून पिण्याची रीत धर्मशील घरांत पूर्वापार आहे. जलातील जीवांची हिंसा होऊ नये हा तिचा हेतू. सूक्ष्म जीवाला वाचविण्यासाठी हंड्याच्या तोंडावर बांधलेले फडके हे मनुष्यालाही वाचविणारे ठरले. ज्या वृद्धेने आयुष्यभर पाणी गाळले, तिला नारूच्या अळीची वार्ताही नसेल. हे फडके नगण्य आहे असे तिने मानले नाही, आणि याने रोग जाईल असाही तिचा हिशेब नव्हता. तिने आचार पाळला.

अल्पाचे तीन प्रकार

अल्प कारणातून महत् फळ होते ते एकाच रीतीने होत नाही. त्याचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात, व ते वेगळे न केल्याने पुष्कळ घोटाळा होतो.

पहिला प्रकार आवृत्तीचा. कृती लहान असते, पण ती पुनःपुन्हा होते. कारखान्यात पत्रा कापण्याचा साचा एकदा चुकीचा बसला की त्या पाळीत निघणारा प्रत्येक नग तेवढाच चुकीचा निघतो. चूक एकदाच झाली, आवृत्ती यंत्राने केली. व्याजाचेही असेच आहे. सावकाराच्या चक्रवाढीने ज्यांची शेते गेली त्या कुळांना हा प्रकार पुस्तकातून शिकावा लागला नाही.

दुसरा प्रकार स्थानाचा. कृती एकदाच होते, पण ती अशा ठिकाणी होते की पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून असते. पाटाच्या तोंडाशी मातीचे एक ढेकूळ सरकविले की पाणी एका वाफ्याकडून दुसऱ्या वाफ्याकडे वळते. तेच ढेकूळ शेताच्या मध्यभागी कितीही वेळा हलविले तरी काही होत नाही. औषधाच्या कारखान्यातील नोंदवहीचे स्थान असेच आहे. गोळी कोणी चाखून पाहत नाही. तिची परीक्षा झाली व ती अमुक वेळी अशी झाली, या नोंदीवरच सर्व विश्वास उभा असतो. २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याचा माल आपल्या देशात येऊ देऊ नये, असा आदेश अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काढला. उत्पादनाच्या ठरलेल्या मानदंडांचे पालन होत असल्याचे दिसत नाही, हे त्याचे कारण होते. शिस्त सैल होते ती एखाद्या पाळीत, एखाद्या टेबलावर. दार बंद होते ते सबंध कारखान्याचे, आणि त्याची झळ त्या पाळीत नसलेल्या कामगारांच्या घरांनाही लागते.

तिसरा प्रकार अवकाश संपल्याचा. काठोकाठ भरलेल्या घागरीत शेवटचा थेंब पडतो व पाणी सांडते. लोक शेवटच्या थेंबाकडे बोट दाखवितात. वस्तुतः घागर आधीच भरलेली होती. कुटुंबे फुटतात ती बहुधा या रीतीने. वाटणीच्या वेळी एका पितळी भांड्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेव्हा ते भांडे कारण नसते. वीस वर्षे न बोललेल्या गोष्टी कारण असतात. चिकलठाण्याच्या दुर्घटनेतही हाच प्रकार दिसतो. धावपट्टी व रस्ता यांच्यामध्ये चुकीला जागा उरलेली नव्हती. जागा असती तर क्षणाचा विलंब पचून गेला असता.

या तिन्ही प्रकारांचे उपायही निराळे आहेत. आवृत्तीच्या प्रकारात सवय तपासावी. स्थानाच्या प्रकारात आपण कोठे उभे आहोत ते ओळखावे. तिसऱ्या प्रकारात शेवटच्या थेंबावर न रागावता घागर वेळोवेळी रिती करावी, म्हणजे चुकीला, क्रोधाला व दुर्दैवाला सामावून घेण्याइतकी जागा जीवनात राखून ठेवावी.

तिसरा पूर्वपक्ष: अल्प बदल, निश्चित यश

आता व्यवहारी उपदेशकांचा पक्ष. ते म्हणतात, अल्पातून महत् होते हे सिद्धच आहे; तेव्हा योग्य तो अल्प बदल करावा आणि यश घ्यावे. दररोज शेकडा एक सुधारणा केली तर वर्षाअखेरीस मनुष्य सदतीस पटींनी सुधारतो, असे गणित मांडले जाते. गणित बरोबर आहे. परंतु कोणता शेतकरी, कोणता विणकर, कोणता विद्यार्थी ३६५ दिवस दररोज शेकडा एक सुधारत गेला? पीक ऋतूने येते, हात थकतात, बुद्धीला विसावा लागतो. कागदावरील आवृत्ती आणि जीवनातील आवृत्ती एक नव्हे.

शिवाय या पक्षात एक लपलेली निवड असते. ज्याने अल्प बदल केला व जो श्रीमंत झाला त्याची कथा सांगितली जाते. ज्यांनी तोच बदल केला व जे होते तेथेच राहिले त्यांची कथा कोणी लिहीत नाही. विरजणाने दही होते हे खरे. पण दूध कोमट हवे. तेच विरजण पाण्यात घातले तर काही होत नाही. विरजणाची स्तुती करताना दुधाला विसरणे हा या उपदेशातील मुख्य दोष होय.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वाढीचा इतिहासही हेच सांगतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात चिकलठाण्याच्या शेतजमिनीवर औद्योगिक वसाहतीची आखणी होऊ लागली. नकाशावर ओढलेल्या एका रेषेने गावाचे भवितव्य पालटले, असे म्हणता येईल. पण मनमाड-हैदराबाद लोहमार्ग आधीपासून होता. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली ते पूर्ण झाले. त्याचे पाणी उद्योगांना मिळाले. आजूबाजूच्या गावांतून काम शोधणारे हात मिळाले. एका कारणाला फळ आले ते अनेक सहकारी कारणांच्या आधाराने. यांपैकी कोणीही एकाने सर्व श्रेय घेऊ म्हटले तर ते चुकीचे होईल.

पाश्चात्त्य विज्ञानातील एक प्रसिद्ध प्रसंगही येथे उपयोगी आहे. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ गणकयंत्रावर हवामानाचे गणित करीत होते. आधीचे गणित पुन्हा करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. फरक सहस्रांशाहूनही कमी. थोड्या वेळाने दोन्ही गणिते एकमेकांपासून इतकी दूर गेली की त्यांचा काही संबंध आहे असे वाटेना. यावरूनच पुढे फुलपाखराच्या पंखाने वादळ होईल काय, हा प्रश्न प्रसिद्ध झाला. १९७२ च्या आपल्या व्याख्यानात लॉरेन्झ यांनी हेही सांगितले की, पंखाची फडफड वादळ घडविण्यास कारण होऊ शकत असेल तर ती वादळ टाळण्यासही तितकीच कारण होऊ शकेल. म्हणजे या शोधाचे तात्पर्य ‘अल्पाने महत् घडवा’ असे नाही. कोणत्या अल्पातून कोणते महत् होईल हे दीर्घकाळासाठी कोणालाही आधी सांगता येत नाही, असे आहे. उपदेशकांनी तात्पर्य उलटे घेतले.

सिद्धान्त

येथे शास्त्राची भूमिका स्पष्ट होते. कर्म करणे जीवाच्या हाती आहे, फळ त्याच्या हाती नाही. हे वचन अनेकदा दुःखिताच्या सांत्वनासाठी वापरले जाते. त्यात वस्तुस्थितीचे कथनही आहे. फळाचे माप आधी कळत नसेल, तर फळाकडे पाहून कृतीची निवड करणे शक्यच नाही. मग निवड कशाच्या आधारे करावी? कृती स्वतः शुद्ध आहे की नाही, विधीला धरून आहे की नाही, तिच्यात सावधपणा आहे की नाही, याच आधारे. आचाराचे बारीक नियम ज्यांना जाचक वाटतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. जेथे फळ दिसत नाही तेथे नियम हाच डोळा होतो.

पंथाच्या परंपरेत याची थोर उदाहरणे आहेत. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले व त्याने वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील असे कारण दिले, ही आठवण स्मृतिस्थळात आहे. आचार्यांच्या दृष्टीपुढे मराठी गद्याचे भवितव्य नव्हते. समोर बसणाऱ्या, संस्कृत न जाणणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. त्या करुणेतून सातशे वर्षे टिकणारी वाङ्मयाची परंपरा दृढ झाली. म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा ज्याने त्या पाहिल्या त्याला विचारून एक एक करून जमविल्या. आठवणीत भेद असेल तेथे पंथाच्या लेखकांनी तो मिटवून न टाकता निराळी ‘वासना’ म्हणून नोंदविला. ही नोंद दोन-चार शब्दांची असते. आज अभ्यासक लीळाचरित्रावर जो विश्वास ठेवतात त्यात त्या दोन-चार शब्दांच्या प्रामाणिकपणाचा वाटा आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चौदाव्या शतकात ग्रंथरक्षणासाठी सकळ लिपी योजिली गेली. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहावे, एवढीच तिची युक्ती. तिने ग्रंथ राखले. आणि तिनेच ते मराठी समाजापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दूर ठेवले. न वाचलेल्या ग्रंथांविषयी लोकांत गैरसमज वाढले व त्यांचा ताप पंथाला सोसावा लागला. इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नाने व महंतांच्या साहाय्याने ती लिपी उलगडली, तेव्हा मराठीचा आद्य इतिहासच नव्याने लिहावा लागला. ज्यांनी लिपी योजिली त्यांना यांतील कोणते फळ अभिप्रेत होते? रक्षण तेवढेच. बाकीचे दोन्ही, गैरसमजही आणि गौरवही, त्यांच्या हिशेबाबाहेरचे होते.

म्हणून श्रेय व दोष या दोहोंविषयी नियम एकच. फळ पाहून गर्व करू नये, कारण त्याला सहकारी कारणे अनेक होती. फळ आले नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण उणीव तेवढीच आहे. आणि फळ वाईट आले तर ‘चूक लहान होती’ असे म्हणून सुटू नये; ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जावे.

एक मर्यादा मात्र साधकाने विसरू नये. अल्प व महत् हा हिशेब कर्मफळांच्या प्रांतातला आहे. देवतांची फळे लहानमोठी असतात, म्हणून तेथे प्रमाणाची भाषा चालते. मोक्ष हे मोठ्या मापाचे कर्मफळ नव्हे. अल्प कर्माने तो स्वस्तात मिळत नाही आणि महान कर्माने विकतही घेता येत नाही. तो परमेश्वराच्या कृपेचा आहे. तेव्हा थोड्या नामस्मरणाने थोर लाभ होईल, असा व्यापारी विचार मनात ठेवून स्मरणास बसणे म्हणजे स्मरणालाच बाजारात नेणे होय. स्मरण करावे ते स्मरणासाठी.

तात्पर्य, वासनिकाने दुकानातील तराजू, कारखान्यातील नोंद, अंगणातील विहीर आणि घरातील बोलणे या चार ठिकाणी आपले अल्प तपासावे. भिक्षूने पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी. त्या पावलाखालची मुंगी वाचली की नाही हे कोणाला दिसणार नाही, त्याची कथाही कोणी सांगणार नाही. तरीही भूमी पाहावी.